मौनाच्या दिवशी

सोमवारी कौशल्याबाईंचं मौन असे. आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून अक्षर नाही. एरवीही त्यांचं बोलणं इतकं हळू, की शेजारी बसलेल्यानं कान द्यावा. आर्वीच्या त्या गल्लीत सदाशिवरावांचं किराणा दुकान सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या बायकोला कधी राग येत नाही, हेही.

अशाच एका सोमवारी दुपारी नात आचल कानाशी येऊन जे बोलली, त्यानं त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आजी, तुह्या देवघरात कोन बाई बसून राह्यते?"

मौन होतं. त्यांनी नुसती मान हलवली. कोणी नाही.

"हाय. दात खाऊन बोलते. म्हनते, वाढ, अजून वाढ. चुरमा वाढ."

जपाला बसताना देवघराचं दार त्या आतून लावून घेत. आत त्या, महादेवाची पिंड, अन्नपूर्णेची मूर्ती आणि समई. पाचवं कोण असणार? पण अलीकडे खुणा दिसत होत्या खऱ्या. जप संपवून डोळे उघडावेत, तर तांब्याची पळी मधोमध वाकलेली. बेलाची पानं चुरगळून भुगा झालेली. एकदा तर अन्नपूर्णा ताम्हणात पालथी, तोंडावर पडलेली. आपल्याच सेवेत काही उणं राहत असेल, असं कौशल्याबाईंना वाटे. त्यांनी गुरुवार धरला, मग शनिवार धरला. उपास वाढले तसा देवघरातला तो आवाजही चढत गेला, आता त्यांनाही ऐकू येऊ लागला.

एका सोमवारी सून वर्षालीनं बंद दाराला कान लावला. तिनंही ऐकलं. काय ओळखलं ते बोलली नाही, संध्याकाळी दिवा लागल्यावर एवढंच म्हणाली, "आई, पोरगी झोपेत दचकून राह्यली. हे काय आहे ते कळल्याशिवाय मी तिले इथं नाई ठेवत. आष्टीले नेते माहेरी. नाईतर तुमी माह्यासोबत दवाखान्यात चला."

आचलशिवाय घर, या विचारानंच दुसऱ्या सकाळी कौशल्याबाईंनी चपला पायात घातल्या.

समुपदेशन करणाऱ्या नंदिनी मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या. भुताखेताचं त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, की मानही डोलावली नाही.

"काकू, राग येते का कधी?"

"नाई वं बाई. मले राग येतच नाई."

"अंगठ्याले काय झालं?"

उजवा अंगठा काळानिळा पडला होता. "चंदन उगाळते ना रोज."

मॅडमची नजर अंगठ्यावरून हलली नाही. "मौन कवापासून धरलं?"

कौशल्याबाईंनी सांगितलं, खीर कशी करतात ते सांगावं तसं. सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. जोडपी जेवायला सांगितलेली, चुरमा झालेला. सकाळीच माहेरहून, केळझरहून फोन आला, माय गेली म्हणून. फोन सदाशिवरावांनी घेतला. लेकीच्या कानावर गेलं की सुतक लागणार, उद्यापन मोडणार. कानावर गेलंच नाही तर लागत नाही. म्हणून शेवटच्या जोडप्यानं विडा घेईपर्यंत ते गप्प राहिले. पुढे सगळे म्हणाले, बरं सुचलं. मौन त्याच्या पुढच्या सोमवारपासूनचं.

"अन् तुमी?"

"मी वाढत होती." कौशल्याबाई हसल्या. "पंगत म्हने, वाढ अजून, चुरमा लई गोड झाला."

शेजारी बसलेल्या वर्षालीचा श्वास अडकलेला त्यांना ऐकू आला.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मौन सोडा असं मी नाई म्हणत. येत्या सोमवारी एक हात गळ्यावर ठेवून बसजा. आवाज आला की गळा काय करते, तेवढं पाहा. वर्षालीताई दाराबाहेर राहतील."

सोमवार आला. समईची ज्योत सरळ उभी होती. उजव्या हातात माळ, डावा गळ्यावर. जप लागला, आणि पिंडीमागच्या कोपऱ्यातून तो आवाज आला.

"वाढ."

तळव्याखाली गळा घरघरला. जात्याच्या खुंट्याला हात लावावा आणि दगड फिरताना कळावा, तसा.

"अजून वाढ."

ओठ त्यांचेच हलत होते. माळ केव्हाची मांडीवर गळाली होती. उजव्या मुठीत पळी होती, तिच्यावर अंगठा रुतत चालला होता, आणि पळी वाकत होती. दुसऱ्या कोणाचा हात पाहावा तशा त्या पाहत राहिल्या.

मग दार उघडून त्या बाहेर आल्या. सदाशिवराव दुकानातून येऊन पाटावर बसले होते. "लई वेळ लागला आज. वाढ."

वाकलेली पळी त्यांनी ताटापुढे ठेवली. भर सोमवारी, मौनात, त्या बोलल्या, "माही माय जळत होती, अन् मी चुरमा वाढत होती. तुमाले माहीत होतं."

भिंतीआडून आचल चिरकली, "आई, तीच बाई!"

सदाशिवराव चाचरले. "अवो, सुतक लागलं असतं. तुह्याच व्रतासाठी..."

"मले इचारलं काऊन नाई? व्रत माह्यं होतं. माय माही होती." आवळलेले दात सुटले होते. "आज आयकलं मी. आज लागू द्या."

लग्न झालेल्या लेकीनं पाळायचे तीन दिवस त्यांनी पाळले. देवघराकडे फिरकल्या नाहीत. मागच्या अंगणात मोकळ्या गळ्यानं अशा रडल्या, की शेजारणी दारात आल्या. सदाशिवराव हातानं वाढून घेऊन जेवले.

गुरुवारी मॅडमनी दोघांना बोलावलं होतं. सदाशिवराव कुरकुरत का होईना, चपला घालून ओट्यावर बसले. आचल देवघराच्या दाराला कान लावून उभी होती.

"आजी, आज कोनी नाई बोलत."

"ती इथं आहे," कौशल्याबाईंनी गळ्याला हात लावला.

आष्टीला जायची भरलेली बॅग वर्षालीनं पलंगाखाली सरकवली; रिकामी मात्र केली नाही. आचल भीत भीत जवळ आली आणि तिनं चार बोटं आजीच्या गळ्यावर टेकवली.

"बोल."

कौशल्याबाई बोलल्या. बोटं दचकली, पण तिथंच राहिली.