घर बघून देणारा माणूस

"टाकली का नीळ?" जिन्याच्या तळाशी उभं राहून उस्ता शुक्रीने वर हाक मारली.

"टाकली! अख्खी पुडी टाकली!" तिसऱ्या मजल्यावरच्या विकाऊ घरातून भाडेकरू रावयाचा आवाज आला. "नळपण सगळे सोडलेत!"

शुक्रीने दाराशी असलेल्या गटाराच्या चौकोनी खड्ड्याचं झाकण आधीच बाजूला सारलं होतं. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. वरचं पाणी खांबालगतच्या उभ्या नळातून खाली येणार, फरशीखालून ह्या खड्ड्यात पडणार आणि इथून रस्त्याच्या गटाराला लागणार. अर्ध्या मिनिटात खड्डा निळा व्हायला हवा होता.

हाज्जा इनायात पिशवी छातीशी धरून शेजारी उभी होती. तेहेतीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून राबल्यावर हाती आलेले पैसे त्या पिशवीत होते, आणि चार बांगड्या विकून आलेलेही. निवृत्तिवेतनात औषधपाणी भागत नव्हतं. एक लहानसं घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि कुणापुढे हात न पसरता दिवस काढायचे, एवढाच तिचा हिशेब होता.

एक मिनिट गेलं. दोन गेली. शेवटी खड्ड्यात करंगळीएवढा फिकट निळा ओघळ आला आणि तोही आटला.

"उतरायला वेळ लागतो रे," घराचा मालक बस्यूनी हसत म्हणाला. "जुनी इमारत आहे. आपल्यासारखीच, हळूहळू चालते. चला, वकील चहाच्या दुकानात ताटकळलाय. दुपारच्या नमाजाआधी सह्या उरकू."

शुक्री हसला नाही.

अलेक्झांड्रियाच्या असाफ्रा भागात घर घ्यायचं तर लोक आधी उस्ता शुक्रीला सोबत नेत. तो नळकारागीर, म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणत. दलाली घेत नसे. येण्याजाण्याचं भाडं आणि एक चहा. सगळी माणसं घरी असतात त्या वेळेला घर बघा, म्हणजे पाणी चढतं की नाही ते कळतं, असं तो सांगे. दलालाला काही विचारू नका, कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचारा. भाडं किती येतं ते मागाहून, आधीचा भाडेकरू का गेला ते आधी. आणि बारा महिन्यांचं भाडं धरू नका, दहाचंच धरा. दोन महिने घर रिकामं राहतं किंवा काहीतरी फुटतं. त्याच्या शब्दावर कित्येकांनी घरं घेतली होती, कित्येकांनी सोडली होती.

हाज्जा इनायातसाठी तो आज एका हाकेत आला होता. त्याची बायको शेवटचे दोन महिने हिच्याच वॉर्डात होती.

मघाशी वर गेल्यावर त्याने रावयाला सहज विचारलं होतं, "काय त्रास आहे का इथं?" कडेवरचं पोर सावरत ती म्हणाली होती, "त्रास कसला, उस्ता! फक्त ह्या कोपऱ्यातली दारं घासतात. हिवाळ्यापासून नवऱ्यानं दोनदा रंधा मारला, तरी पुन्हा अडतातच." बस्यूनीने लगेच समुद्राच्या दमट हवेला दोष दिला होता. पण दमट हवेने एकाच कोपऱ्यातली दारं कशी फुगतील?

आता शुक्री त्याच कोपऱ्याच्या खांबापाशी गेला. प्रवेशदाराशी चार खांब. तीन खांबांना जुना पिवळट रंग आणि ह्या एकाला कंबरेपर्यंत नवाकोरा संगमरवर. त्याने हातोडीच्या दांड्याने शेजारची फरशी ठोकली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

त्या फरशीखाली काय आहे ते त्याला पाठ होतं.

"हाज्जा, तुम्ही पुढे व्हा," बस्यूनी घाईने म्हणाला. "आम्ही झाकण लावून आलोच."

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो थांबला. मग त्याने शुक्रीचा दंड धरला.

"तू नळ बघायला आलायस, नळ बघ. खांबाशी तुला काय करायचंय?"

"ह्या खांबाखालचा नळ आपणच टाकलाय, बस्यूनी."

"माहितीय मला. म्हणून तर म्हणतो, गप्प बस."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली होते. बांधणाऱ्याने पातळ, हलके नळ आणून टाकले होते आणि खाली काँक्रीट न घालता नुसत्या वाळूवर बसवायला सांगितलं होतं. शुक्रीला ते खटकलं होतं. पण लग्न पंधरा दिवसांवर होतं आणि मजुरी हवी होती. त्याने सांधे जोडले, वर वाळू लोटली. पुढे बांधणाऱ्याने परवानगी नसताना आणखी दोन मजले चढवले आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर बस्यूनीने घेतलं.

"संगमरवर कधी लावलास?"

"रमझानच्या आधी. सळया उघड्या पडल्या होत्या." बायकोचं नाव घेताना बस्यूनीचा आवाज खाली आला. "फौझियाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, शुक्री. माझ्याकडे ह्या घराशिवाय विकायला काय आहे? तू मान हलव, बस. तुला काही बोलावंही लागणार नाही."

"आणि ही बाई?"

"तिला भाडं मिळेल. अठ्ठावीस वर्षं उभी आहे इमारत, आणखी दहा राहील."

शुक्रीने झाकण ओढून खड्ड्यावर बसवलं. फौझियाच्या हातचं तो कित्येकदा जेवला होता.

चहाच्या दुकानात वकिलाने कागद पसरले होते. भाडं वेळेवर येणारं घर, एवढ्या किमतीत सबंध असाफ्रात मिळणार नाही, असं तो तिसऱ्यांदा सांगत होता. हाज्जा इनायातने पेन उचललं आणि शुक्रीकडे पाहिलं.

"उस्ता, करू सही?"

बस्यूनी त्याच्याकडे बघत नव्हता, चहाच्या पेल्यात बघत होता.

"नका करू."

"शुक्री!"

"खालचा नळ फुटलाय, हाज्जा. सगळं पाणी कोपऱ्याच्या खांबाखाली मुरतंय. वाळू वाहून गेलीय, खांब खचतोय. दारं त्यानेच अडतात." त्याने कागद तिच्यापासून दूर सारला. "तो नळ मीच टाकला होता. चुकीचा टाकतोय हे माहीत असून टाकला."

बस्यूनी उठला तेव्हा खुर्ची मागे कोसळली. "ऐका, लोकहो! स्वतःच्या हाताने केलेली घाण हा माझ्या दारात आणून ओततोय! इतकी वर्षं लोकांना अक्कल शिकवत फिरलास, तेव्हा कुठे होती रे ही सचोटी?"

बस्यूनी निघून गेला, वकिलाने कागद गोळा केले. हाज्जा इनायातने पेनाला टोपण लावलं.

"मी वाचले," ती म्हणाली. मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पण ती कडेवर पोर घेतलेली मुलगी? तिला कोण सांगणार?"

शुक्रीने इथवर विचारच केला नव्हता. घेणाऱ्याला वाचवायचं, एवढंच त्याचं काम, असं तो आयुष्यभर समजत आला होता.

त्याच दुपारी तो नगरपालिकेच्या कचेरीत गेला. तक्रारीचा कागद लिहिणाऱ्याने विचारलं, "नाव घालायचं का? नाही घातलं तरी चालतं."

"घाला. काम कुणी केलं होतं, तेही घाला."

पाचव्या दिवशी अभियंता आला. संगमरवर काढला, तर आत मूठभर गंज निघाला. वरचे दोन मजले उतरवायचे, पायाला आधार द्यायचा आणि तोवर इमारत रिकामी करायची, असा हुकूम दाराला चिकटला. कुणी शुक्रीचे आभार मानले नाहीत. अकरा कुटुंबांना आठवड्यात बिऱ्हाड हलवायचं होतं. "इतकी वर्षं बरं चाललं होतं," असं बायका त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. बस्यूनी समोरून आला की रस्ता ओलांडून जाई. घर बघायला बोलावणारेही थांबले. ज्याने स्वतः असा नळ टाकला त्याचा शब्द कोण घेणार? एकटी हाज्जा इनायात अधूनमधून विचारपूस करी. तिने घर घ्यायचा नाद सोडला होता आणि शेजारपाजारी इंजेक्शनं द्यायला जात होती.

सामान निघायच्या दिवशी शुक्री अवजारांची पेटी घेऊन इमारतीपाशी गेला. नळ, बेसिनं, पाणी तापवायच्या टाक्या सोडवून द्यायला माणूस लागणारच होता. दोन दारांतून त्याला परत पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर रावया एकटीच गाठोडी बांधत होती.

"हात लावू नका कशाला," ती म्हणाली.

तो दाराबाहेर उभा राहिला. आत ती टाकी सोडवायला बराच वेळ पान्याशी झटत होती. पाना दोनदा घसरून फरशीवर आपटला. पोर रडायला लागलं.

"खालचा नट गंजलाय," शेवटी ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "निघत नाहीये."

शुक्रीने चपला दाराशी काढल्या आणि आत गेला. नट सैल केला, टाकीतलं उरलेलं पाणी बादलीत काढलं आणि टाकी खांद्यावर घेऊन एकेक पायरी उतरला. खाली हातगाडीवर आडवी ठेवून त्याने ती दोरीने दोनदा आवळली, हलवून पाहिली. मागून कुणाचा तरी पलंग उतरत होता. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने वाट दिली.