चौथं दार

किल्ली फिरवली की जुन्या गाडीची तीन दारं लॉक व्हायची, चौथं ढिम्म. सासूबाई वैतागल्या. "जावईबापू, घेऊन जा हे धूड!"

जावई मनातल्या मनात आनंदाने उडालाच. पण गप्प बसेल तर तो जावई कसला! "थांबा, आधी लॉक नीट करून दाखवतो."

दाराचं आतलं कव्हर काढून त्याने लॉकची मोटर तपासली. "दार उघडं असलं की लॉक चालतंय, लावलं की बंद."

"उघड्या दाराला लॉक? धन्य आहे!"

शेवटी बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटलेली वायर सापडली. ती जोडून त्याने दार लावलं, किल्ली फिरवली. खटाक! चारही दारं एकदम लॉक झाली.

"बघा!" जावयाची छाती फुगली.

सासूबाईंनी त्याच्या हातातली किल्ली अलगद काढून घेतली. "झकास! आता कशाला देऊ?"