कोणती फाइल आधी

दुपारी घर अगदी निपचित असताना भांड्यांच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि ओट्यावर खणकन वाजला. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. लेक कुशीवर वळली, पण उठली नाही. तिची झोप म्हणजे माझं ऑफिस. तेवढ्यात जे होईल ते काम.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. साहेबांनी एक नवी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम, तपासायला पाठवली होती.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवते. तो लहान लहान कितीतरी फाइलींत लिहिलेला असतो आणि गिऱ्हाइकाकडे जाताना त्या सगळ्या एकामागे एक जोडून एकच मोठी फाइल करतात. जोडताना क्रम चुकला की संपलं. तारखा मोजणारी फाइल आधी हवी, कॅलेंडर दाखवणारी नंतर. उलट झालं तर कॅलेंडर तारखांना हाक मारतं आणि तिथे अजून कुणी आलेलंच नसतं. स्क्रीन पांढरीफटक. खरं तर प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर तिला कोण कोण लागतं ते लिहायचं असा नियम आहे, पण घाईत पाळतो कोण? जे लिहायचं राहिलं ते सगळं माझ्या डोक्यात. म्हणून क्रम मीच लावायची. बाळंतपणाच्या रजेवर निघाले तेव्हा साहेब म्हणाले होते, तुमची खुर्ची कुठे जात नाही, तुमच्याशिवाय हे जमणार कुणाला. लेक शाळेत जायला लागेपर्यंत घरून थोडं थोडं करायचं आणि मग पूर्णवेळ परत यायचं, असं ठरलं होतं. पुढच्या महिन्यात तिची शाळा सुरू होणार होती.

माझी नणंद त्याच ऑफिसात आहे. मीच तिला तिथे चिकटवलं. तिचा रोज फोन यायचा. आधी भाचीची चौकशी, दात आला का, रात्री झोपू दिलं का. मग हळूच, वहिनी, एक विचारू? अमकी फाइल तमकीच्या आधी का? लेकीला खांद्यावर थोपटत मी सांगत बसायची. दिवसभर बोबडं बोलून माझी जीभ जड झालेली असायची, त्यात कुणीतरी मोठ्या माणसासारखं बोलतंय याचंच केवढं सुख. एक फाइल होती, ती स्वतः काही करायची नाही पण सगळ्यांच्या आधी लागायची. तिला मी सासूबाई म्हणायची. नणंद खो खो हसायची आणि म्हणायची, आईला सांगते थांब.

साहेबांनी लिहिलं होतं की ही स्क्रिप्ट सगळ्या फाइलींचे माथे वाचते आणि क्रम आपोआप लावते. फाइलींत लिहिलेले नाहीत असे नियमही तुमच्या नणंदेने स्वतः अभ्यास करून त्यात घातले आहेत. मला आधी अभिमानच वाटला. आमची पोर ती.

मग मी ते नियम वाचायला घेतले. एका ओळीवर अडखळले. पावत्या छापणारी फाइल औषधांच्या फाइलीनंतरच जोडावी.

हे चूक होतं. पावत्यांचं औषधांशी काही देणंघेणं नाही. लेक तापाने फणफणली होती त्या दिवशी फोनवर माझी दोन फाइलींत गल्लत झाली होती आणि मी हे असं सांगून बसले होते. नंतर लक्षात आलं, पण त्याने काही बिघडत नव्हतं म्हणून सोडून दिलं. फाइलींचा कितीही अभ्यास करून कुणी नेमकी हीच चूक केली नसती. ती फक्त माझ्या तोंडून निघाली होती आणि एकाच कानात गेली होती.

मग बाकीच्या ओळी वाचायची गरज नव्हती, तरी वाचल्या. सगळ्या माझ्या होत्या. साहेबांच्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की आता या कामाला वेगळं माणूस लागणार नाही, तेव्हा तुमच्या पूर्णवेळ येण्याबद्दल एकदा बोलू.

मी नणंदेला फोन लावला. आवाज खाली ठेवून विचारलं, पावत्या औषधांनंतर का गं?

"तूच सांगितलं होतंस ना," ती म्हणाली.

मला न सांगता हे का केलंस म्हटलं, तर ती गोंधळली. खरोखर गोंधळली, तिला सोंग जमत नाही.

"वहिनी, दादाच म्हणाला होता. ती आता घरीच राहणार आहे, तिच्याकडून सगळं विचारून घे, म्हणजे ऑफिसचं अडायला नको. मला वाटलं तुम्हा दोघांचं ठरलंय."

कधी म्हणाला, विचारलं. झाली की दोनेक वर्षं, म्हणाली.

दाताची चौकशी तरी खरी होती का, एवढं मला विचारायचं होतं. धीर झाला नाही. फोन ठेवला.

गेल्याच आठवड्यात नवरा माझ्याबरोबर ऑफिसचे बूट घ्यायला आला होता. दुकानात गुडघ्यावर बसून त्याने माझ्या टाचेत बोट घालून पाहिलं होतं. नीट बघून घे, म्हणाला होता, दिवसभर पायात राहायचेत. खोकं अजून कपाटावर होतं, न उघडलेलं. मला वाटत राहिलं की नणंदेने ऐकण्यात काहीतरी चूक केली असेल. तो संध्याकाळी येईल, हसेल, म्हणेल, वेडी आहे ती.

लेक उठून आली. गालावर उशीची घडी उमटलेली, एक मोजा पायात, एक हातात. माझ्या मांडीवर चढली आणि लॅपटॉप स्वतःच मिटला.

"आता हे बंद," ती म्हणाली. "तू ऑफिसला नाहीच जाणार. शाळेतून आले की तूच घरी असणार."

मी विचारलं, असं कोण म्हणालं?

"बाबा." ती इतकी खुश होती की मला तिच्या केसांवरून हात फिरवावाच लागला. "आत्तूला पण माहितीये. ती गंमत आहे. आईला सांगायची नाही, म्हणाले."

मग तिचा हात मोज्याशी थांबला. आपण सांगून बसलो हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"आई, तुला का नाही सांगायची?"