बोटाला लागणारा हात

मित्रांनो, मी एक जुना छापा आहे. घाबरू नका, पोलिसांचा नव्हे, कागदावरचा! साडेतीनशे वर्षांपूर्वी दूर युरोपात एका कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र काढले. ॲसिडने रेघा खोल केल्या, त्यांत शाई भरली आणि वर ओला कागद ठेवून यंत्राखाली दाबला. तो कागद म्हणजे मी. माझी प्रत्येक रेघ बोटाला लागे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

माझ्यावर एक म्हातारा बाप आहे. देवाच्या आज्ञेने त्याने पोटच्या मुलावर सुरा उगारला आहे आणि ढगांतून झेपावलेल्या देवदूताने त्याचे मनगट घट्ट धरले आहे.

आकुर्डीच्या एका बंगल्यातून रद्दीबरोबर मी चिंचवडला, फारूकभाईंच्या फ्रेमच्या दुकानात आलो. त्यांची बायको खैरुन्निसा डबा घेऊन आली आणि मला पाहून थबकली.

"हे तर इब्राहीम अलैहिस्सलाम! पैगंबरांची तसबीर घरी लावता येत नाही. पण अहो, विकू नका हं."

त्यांचा मुलगा शोएब तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होता. त्या मशीननेच त्याचा घास घेतला. तेव्हापासून खैरुन्निसा कुणाशी फारसे बोलत नसे. माझ्याशी मात्र बोले. रोज डबा ठेवून ती देवदूताच्या हातावरून बोट फिरवी. "आमच्या शोएबच्या वेळी त्या मशीनला असं कुणी धरलं नाही रे," म्हणे. त्या बोटाची मी सकाळपासून वाट पाही.

पावसाळ्यात माझ्या कडांना बुरशी धरली. फारूकभाई घाबरले. मोलाचा कागद जपायचा म्हणजे आपल्याकडे काय करतात? मार्कशीटचे करतात, शोएबच्या फोटोचे केले होते, तेच. लॅमिनेशन! मोठ्या मायेने त्यांनी मला शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे नेले. गरम रुळांतून मी बाहेर पडलो तो प्लास्टिकमध्ये कायमचा बंद.

"बघ, आता याला काही होत नाही," फारूकभाई आनंदाने म्हणाले.

खैरुन्निसाने बोट फिरवले. ते घसरले. तिने पुन्हा फिरवले.

"हात बोटाला लागत नाही हो," ती म्हणाली. "शोएबच्या फोटोसारखंच झालं हे."

फारूकभाईंचा चेहरा उतरला. ते नखाने प्लास्टिक सोलू लागले. त्याबरोबर माझी कड फाटली, तेव्हा तिनेच त्यांचे मनगट धरले.

"राहू द्या," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी कुजणार नाही, भिजणार नाही. जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्याआधी, ती वस्तू कुणाच्या बोटाला काय देते, एवढे एकदा विचारा. खैरुन्निसा हल्ली डबा ठेवते आणि लगेच घरी जाते.