ब्लेडचं ड्रेसिंग

नलिनी साळवे यांच्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर, सोमवारपासून ग्रॅनाइट कापलं जात होतं. कापलं जात होतं असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात ब्लेड नुसतं किंचाळत होतं. घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या सोसायटीत बाकीच्यांना तो नुसता आवाज वाटत होता. नलिनीबाईंना त्यात चूक ऐकू येत होती.

अंधेरीच्या एमआयडीसीत, डायमंड ब्लेड बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली होती. माणसाने ब्लेड दगडात घालायचं, बाईंनी कान द्यायचा आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्त होताना कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. दूधवाला तेवढा "एक की अर्धा?" विचारायचा, तोही ॲपवर गेला.

बुधवारी त्यांना राहवेना. त्या वर गेल्या. दार मानसीने उघडलं. घराची नवी मालकीण. कानात इअरफोन, पाठीमागे मशीनचा कल्लोळ.

"ड्रेसिंग राहिलंय," नलिनीबाई ओरडून म्हणाल्या. "ते केल्याशिवाय काही खरं नाही."

"अय्या, काकू! कुठे लागलं?"

"अगं, ब्लेडचं!"

"ब्लेड लागलं? नंदू, बंद कर! मशीन बंद कर आधी!"

मशीन बंद झालं, तोवर मानसीच्या कानात कुणीतरी बोलू लागलं होतं. तिने "जपा हं" अशी खूण केली, नलिनीबाईंना दंडाला धरून जिन्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी मधुकर परब यांचा मजकूर आला. "तिसऱ्या मजल्यावरील श्रीमती साळवे यांना ब्लेडने जखम झाली असून ड्रेसिंग चालू आहे. सबब चौथ्या मजल्यावरील काम रोज फक्त अकरा ते बारा या वेळेत करावे." त्याखाली एकतीस घरांनी हात जोडले. उरलेली पाच घरं गावाला गेली असावीत.

नलिनीबाई खुलासा लिहायला बसल्या, तेवढ्यात बेल वाजली. पहिल्या मजल्यावरच्या शांताबाई खिचडीचा डबा घेऊन आल्या होत्या. तासभर बसल्या. जखम दाखवा म्हणाल्या नाहीत, स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन मात्र पहिल्या इंजेक्शनापासून सांगितलं. खुलासा राहिला. गुरुवारी समोरच्या राजेशने भाजीची पिशवी वरपर्यंत आणून दिली.

"काय काकी, कसं आहे आता?"

"बरंय रे."

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त जखम नव्हती. शुक्रवारी त्यांनी डाव्या अंगठ्याला पट्टी चिकटवली. एवढी माणसं विचारतायत, तर काहीतरी दाखवायला नको का?

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास जिन्यात कंत्राटदाराचा आवाज घुमला. "एक ओटा अजून होत नाही तुझ्याच्याने? सोमवारपासून दुसरा माणूस आणतो. तू घरी बस." त्यावर नंदू म्हणाला, "शेठ, दगड कडक आहे ना." कंत्राटदार तरातरा उतरून गेला.

नलिनीबाई दाराआड उभ्या होत्या. वर जाऊन खरं सांगितलं तर जखम जाणार, जखमेबरोबर डबा आणि पिशवी जाणार. नाही सांगितलं तर नंदू जाणार. त्यांनी बराच वेळ पट्टीकडे पाहिलं. मग कुंडीखालची वीट काढली आणि जिना चढू लागल्या.

"आंटी, बारा वाजायचेत अजून," नंदू म्हणाला. पंचेचाळिशीचा माणूस, दगडाच्या धुळीने भुवयांपर्यंत पांढरा झालेला.

"तक्रार करायला नाही आले रे. प्लग काढ आणि ब्लेडच्या काठाला हात लाव. कसं लागतं?"

"गुळगुळीत. हिरा संपला वाटतं."

"संपलाय कसला! आत भरलेला आहे. हिरे धातूत घट्ट बसवलेले असतात. वरचे बोथट झाले की धातूने झिजून त्यांना सोडायचं, म्हणजे खालचे वर येतात. तुझा धातू पडला चिवट, सोडायलाच तयार नाही. आपल्या कमिटीसारखं."

नंदू हसला. "मग करायचं काय?"

"विटेत घाल. दहाबारा वेळा. वीट खरखरीत असते, ती धातू खरवडते. हिऱ्याला काही होत नाही. याला ड्रेसिंग म्हणतात."

"आणि हे?" नंदूने अंगठ्याकडे बोट दाखवलं.

"हे परबांचं," म्हणत नलिनीबाईंनी पट्टी ओढून काढली.

विटेतल्या सातव्या कापाला किंचाळी गेली आणि जाड, भरलेली घरघर सुरू झाली. मग नंदूने ब्लेड ग्रॅनाइटला लावलं. सोमवारपासून अडलेली लादी बारा वाजायच्या आत दोन तुकडे होऊन पडली. "ताई, तुम्ही तर उस्ताद निघालात," तो म्हणाला. नलिनीबाई मान हलवून म्हणाल्या, "पास."

दुपारी नलिनीबाईंनी राहिलेला खुलासा ग्रुपवर टाकला, त्यावर परबांचा मजकूर आला. "श्रीमती साळवे यांना जखम नसल्याचे निदर्शनास आले आहे. सबब वेळेचे बंधन उठवण्यात येत आहे." कुणी हात जोडले नाहीत. शांताबाई डबा न्यायला आल्या, त्या दारातूनच गेल्या. राजेश जिन्यात भेटला, तर हातातल्या फोनकडे बघत होता. नंदूने सोमवारी ओटा बसवला. मंगळवारी वर कसलाच आवाज नव्हता.

गुरुवारी फोन वाजला.

"ताई, नंदू बोलतोय. मानसी मॅडमकडनं नंबर घेतला. मुलुंडला साइटवर आहे. नवीन ब्लेड दिलंय, काय भरवसा वाटत नाही. जरा ऐकता?"

त्याने फोन मशीनजवळ धरला. नलिनीबाईंना एका क्षणात कळलं. ब्लेड उत्तम होतं, दगडाला साजेसं. कारखान्यात असत्या, तर पुढच्याकडे वळल्या असत्या.

"काय वाटतं, ताई?"

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नीट कळलं नाही रे," त्या म्हणाल्या. "आणखी एक काप मार. सावकाश मार."