अकरा अभ्यासकांमधलं एक नाव

मार्गिट टॉलेफसन बाईंनी उभी हयात एकच गोष्ट सांगण्यात घालवली होती: न वाचता केलेली सही म्हणजे संमती नव्हे. तंटा कोर्टाऐवजी खासगी पंचांपुढे नेण्याच्या, म्हणजे लवादाच्या कलमाखाली माणूस घाईघाईत सही करतो आणि ज्युरीपुढे दाद मागण्याचा, घटनेनं दिलेला हक्क गमावून बसतो, यावर त्यांची दोन जाडजूड पुस्तकं होती. कायद्याच्या कॉलेजातली मुलं पाठीमागे त्यांना ‘आधी-वाचा बाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या दिवशी त्या मुद्दाम सेंट पॉलला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची जुनी विद्यार्थिनी रेनी आबर्नाथी तिथं वांडा प्लुटाची बाजू मांडणार होती. वांडाचे वडील वृद्धाश्रमात अंथरुणात पडून झालेल्या जखमा चिघळून, निव्वळ हेळसांडीनं गेले होते. तिला ज्युरीपुढे खटला हवा होता. वृद्धाश्रम म्हणत होता, वडिलांना दाखल करताना तुम्ही लवाद कबूल केलात, ही बघा तुमची सही. रेनीची सगळी भिस्त बाईंच्या पुस्तकांवर होती. बाई तिसऱ्या रांगेत ऐटीत बसल्या आणि त्यांनी रेनीला हात केला. रेनीनं जेमतेम मान हलवली नि नजर वळवली. घाबरली असेल पोरगी, असं बाईंना वाटलं.

वृद्धाश्रमाचा वकील उठला. “महोदय, आमच्या बाजूनं अकरा अभ्यासकांचं निवेदन आहे. वाचलं नाही ही सबब चालणार नाही, असं ते सांगतात. आणि त्यांत प्रोफेसर टॉलेफसनसुद्धा आहेत, ज्या आजवर नेमकं उलट लिहीत आल्या!”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. गॉर्डन! शेजारच्या खोलीतला सहकारी. अशी निवेदनं लिहायची आणि एकमेकांना नावं उसनी द्यायची, हा या विद्वान मंडळींचा जुनाच रिवाज. ‘लवाद आणि घटना यावर निवेदन देतोय, तुझं नाव घालू ना?’ असा त्याचा ईमेल आला, तेव्हा बाई विभागाच्या बैठकीत जांभया देत होत्या. ‘घाल,’ एवढंच त्यांनी कळवलं. निवेदन उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

न्यायमूर्तींनी रेनीकडे पाहिलं. “काय हो, तुमच्या लेखिकेनं मत बदललं, की न वाचताच सही ठोकली?”

सगळं दालन हसलं. रेनी तेवढी हसली नाही.

“मी त्यांच्या हाताखाली शिकले, महोदय. न वाचता त्या सही करणार नाहीत. मत बदललं असेल. पण म्हणून पुस्तकातला युक्तिवाद खोटा ठरत नाही.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनावणी संपताच व्हरांड्यात येऊन त्यांनी गॉर्डनला फोन लावला.

“अगं, एवढं काय त्यात?” तो म्हणाला. “‘फेरविचारान्ती नाव मागे घेते’ असं एका ओळीत कळव. खरं सांगायला जाशील तर निवृत्त होईपर्यंत हसतील तुला. आणि आम्हालाही घेऊन बुडशील, बये!”

फेरविचारान्ती. किती अब्रूदार शब्द! बाईंना मोह झाला, नाही असं नाही. पण समोरून रेनी आणि वांडा येत होत्या.

“रेनी, मी ते वाचलंच नव्हतं गं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. फोन करायचा धीर झाला नाही, मॅडम. तुमची पुस्तकं पुन्हा काढून बसले, चूक शोधायला.”

वांडानं बाईंना नीट न्याहाळलं. “बाबा चाकाच्या खुर्चीतून घसरत होते. एका हातानं त्यांना धरलं नि दुसऱ्यानं सही केली. म्हणून मी नाही वाचलं. तुमचं काय झालं होतं?”

“बैठक चालली होती,” बाई म्हणाल्या. “कंटाळा आला होता.”

वांडानं नुसती मान डोलावली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बाईंना सोसल्या असत्या. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

तिघी न्यायालयाच्या कचेरीत गेल्या. बाईंनी कोरा कागद मागून घेतला, ‘फेरविचारान्ती’ लिहिलं, खोडलं, आणि मग लिहिलं: या निवेदनाला मी न वाचता नाव दिलं. त्यातलं मत माझं नाही. ते मी कंटाळ्यापोटी वाचलं नाही. सही करून त्या कागद खिडकीत सरकवणार, तोच वांडानं हात पुढे केला.

“आधी मला द्या.”

ती भिंतीला टेकली आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचू लागली. एवढ्याशा मजकुराला तिनं भरपूर वेळ घेतला. बाई खाली मान घालून उभ्या होत्या.

“बाबा गेल्यापासून मी सगळं वाचते,” वांडा म्हणाली आणि तिनं कागद परत दिला.