रेघेवर बसवलेली अक्षरे

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, तंजावूरच्या एका सरकारी कार्यालयात, माझे वीस ठसे उलटे उमटले.

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. तिरुवैयारुजवळच्या एका बालवाडीचा. चाळीस वर्षांपूर्वी शेषगिरीरावांनी ती बालवाडी काढली, तेव्हा हौसेने माझ्यावर 'बालविकास मंडळी' अशी मराठी अक्षरे करवून घेतली. सरकारशी झालेल्या पहिल्या करारावर मीच उमटलो. काम झाले की शेषगिरीराव मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "ह्याच्या जोरावर पोरं जेवतात." पुढे तमिळ शिक्का आला आणि मी खणात, तुटक्या खडूंच्या शेजारी पडून राहिलो.

त्या मंगळवारी खण खडकन उघडला. मुलांचे जेवण आणि शिक्षिकेचा पगार सरकार देते ते तीन वर्षांच्या करारावर. नवा करार त्या दिवशी पाच वाजेपर्यंत दाखल झाला नाही, तर बालवाडी बंद होणार होती, आणि बत्तीस मुले भातलावणीला गेलेल्या आयांच्या मागे बांधावर. कार्यालयातील कारकून सुब्रमण्यम यांनी फोनवर बजावले होते, यंदा अगदी पहिल्या करारावर जो शिक्का आहे तोच हवा. शिक्षिका अखिलाने मला पिशवीत टाकले, वृद्ध चिटणीस अप्पाजींना मोपेडवर मागे बसवले आणि आम्ही निघालो. कावेरीच्या पुलावर मी पिशवीत नुसता उड्या मारत होतो. इतक्या वर्षांनी मला काम होते!

अखिला घरी मराठी बोलते, पण तिला ती वाचता येत नाही. कार्यालयात पोचल्यावर तिने रद्दी कागदावर ठसा घेऊन पाहिला. त्यात आडवी रेघ दिसली. तमिळ अक्षरे वहीच्या रेघेवर बसतात, हीही तशीच बसत असतील, असे समजून तिने रेघ खाली धरली आणि वीसही पाने धडाधड छापली. सुब्रमण्यम मान डोलावत राहिले.

सही करायला अप्पाजींनी चष्मा लावला.

"काय गे अखिला, सगळी बालवाडी शीर्षासनात?"

"म्हणजे काय, मामा?"

"रेघ डोक्यावर असते, गे. आपली अक्षरं रेघेला लोंबतात."

अखिलाने तमिळमध्ये सांगताच सुब्रमण्यमनी कपाळाला हात लावला. "ऐया, तुम्ही गप्प बसला असता तर इथे कुणाला कळलं असतं?"

"वाचता येतं, एवढाच माझा गुन्हा," अप्पाजी म्हणाले.

"कागद आता बदलता येणार नाही, साहेबांच्या सह्या झाल्यात. प्रत्येक उलट्याशेजारी एक सुलटा मारा. दोन्हींवर सही करा. आणि लवकर."

अप्पाजी पाने उलटत होते, अखिला मला दाबत होती. चौदाव्या पानावर शाईची गादी कोरडी पडली. अखिलाने माझ्यावर तोंडाची वाफ सोडली, मी ओलावलो, आणि उरलेली पाने फिकट पण स्वच्छ उमटली. चार वाजून बावन्न मिनिटांनी करार दाखल झाला. अखिलाची बोटे जांभळी झाली होती आणि ती एकटीच हसत होती.

शुक्रवारी चेन्नईहून विचारणा आली, एका करारावर दोन शिक्के का? अखिलाने त्याच दिवशी खुलासा पाठवला. आता रोज संध्याकाळी ती अप्पाजींकडून माझी अक्षरे शिकते. 'विकास'पर्यंत आली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवाच. पण त्यांच्यावर काय लिहिले आहे, तेही वेळ असताना कुणा जाणत्याला विचारून घ्या.

आज सोमवार. बत्तीसही मुले आली आहेत. चेन्नईचे उत्तर अजून आलेले नाही.